भाऊजींची कमान आणि ओलं फडकं

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. हात काळे आहेत म्हणून कोपरांनी केला आहे, गोड मानून घे. इकडे आम्ही ठीक आहोत. तुझा गुडघा कसा आहे ते कळव. शेक घेतेस की गार पट्टी ठेवतेस? (सहज विचारलं. हल्ली कुणी गार पट्टीचं नाव काढलं तरी माझ्या अंगावर काटा येतो. कारण पुढे येईलच.) तुझ्या भावजयीने नमस्कार सांगितला आहे, आणि "ताईंनी एकदा दटावलं तर ते विमान विकतील" असंही सांगितलं आहे. दोन्ही निरोप पोचवले, माझं काम झालं.

विमान जवळजवळ तयार आहे. भाऊजी गेले तेव्हा पंख भिंतीला टेकून उभे होते, ते लावून झाले. शेपटीला तू निवडलेला पिवळा दिला. (डब्यावर दिसतो तसा तो शेपटीवर दिसत नाही. कावीळ झाल्यासारखा दिसतो. पण तू निवडलास, म्हणून ठेवला.) पहिली फेरी मी एकट्याने मारायची आणि दुसरीत मागच्या खुर्चीवर तुला बसवायचं, हे भाऊजींनी ठरवलेलं अजून तसंच आहे. तुझ्या कमरेचा अंदाज त्यांनी फारच प्रेमाने घेतला होता असं दिसतं. मी पट्टा चांगला वीतभर वाढवला आहे, रागावू नकोस.

खोड एकच राहिली आहे आणि ती तुला समजावी म्हणून सविस्तर सांगतो. इंजिन तापलं की त्याच्या अंगाला लागून जाणाऱ्या नळीतलं पेट्रोल उकळतं आणि त्याची वाफ होते. पंपाला पेट्रोल ढकलता येतं, वाफ ढकलता येत नाही. तो नुसताच फिरत राहतो. टाकी भरलेली, आणि इंजिन उपाशी. जमिनीवर हे झालं तर माणूस खाली उतरून शिव्या देतो. वर झालं तर शिव्या द्यायलाही वेळ मिळत नाही. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे तापलेलं इंजिन बंद करून, वरचं झाकण लावून थोडा वेळ उभं ठेवलं आणि पुन्हा सुरू केलं ती. वारा नाही, काही नाही, आतल्या आत सगळं शिजत असतं. यावर जे जे करतात ते मी केलं. नळीला उष्णता अडवणारा जाड कपडा गुंडाळला, पंपावर बाहेरची हवा यावी म्हणून नळकांडं बसवलं, दुसरा विजेचा पंप खाली टाकीशेजारी लावला, झालेली वाफ टाकीत परत जावी म्हणून बारीक परतीची नळीही टाकली. (हे सगळं करताना मी तापलो त्याचं कुणालाच काही नाही.) तरी भर दुपारी इंजिन चालवून बंद करायचं, चहा प्यायचा, पुन्हा सुरू करायचं, की थोडं चालून खोकतं आणि मरतं. दर वेळी तेच.

कारण मला ठाऊक होतं. ते तूही पाहिलेलं आहेस. धुराड्याला नळी लागू नये म्हणून भाऊजींनी तिला वरून वळवून जी कमान केली, तीच. काय सुंदर वाकवली आहे ग. कुठे सुरकुती नाही, कुठे चेपलेलं नाही. तू पाहायला आली होतीस तेव्हा त्यांनी विमान सोडून तुला आधी ती कमान दाखवली होती. पण वाफ वर चढते, आणि चढून बसायला तिला त्या कमानीपेक्षा चांगली जागा नाही. हे मी त्यांना तेव्हाच म्हटलं होतं. त्यावर ते दोन दिवस माझ्याशी फक्त तुझ्यामार्फत बोलले.

आता पट्टीचं सांगतो. मागच्या आठवड्यात मी हाच प्रयोग केला, झाकण लावलं, शेडला कुलूप घातलं आणि घरी जेवून आलो. सुरू केलं. खोकला येईल म्हणून मी कान लावून बसलो, तर इंजिन सुरळीत चालत राहिलं. इतकं चालत राहिलं की शेवटी मीच घाबरून बंद केलं. झाकण उघडलं, तर कमानीवर भाऊजींचं निळ्या चौकड्यांचं फडकं, चार घड्या घालून, तापातल्या मुलाच्या कपाळावर ठेवावं तसं. ओलं. नीट पिळलेलंही नव्हतं, खाली टपटप चाललं होतं. शेडमध्ये नळ नाही हे तुला माहीत आहे. मी नेलेला पाण्याचा कॅन सकाळीच संपून कोरडा पडला होता. फडकं तर मी त्यांच्या खिळ्यावर, त्यांनी टांगलं होतं तसंच ठेवलेलं होतं.

आधी मी तुझ्या भावजयीवर संशय घेतला. ती म्हणाली, जिथे बसायला धड स्टूल नाही तिथे मी सेवा करायला जाईन होय? मग तुझ्यावर घेतला, कारण दुसरी चावी तुझ्याकडे. पण तू बस बदलून येणार, फडकं भिजवणार आणि चहा न घेता जाणार, हे मला पटेना. दुसऱ्या दिवशी फडकं घरी आणून कपाटात ठेवलं. त्या दुपारी इंजिन पुन्हा मेलं. तिसऱ्या दिवशी ते परत खिळ्यावर टांगलं, आणि इंजिन चाललं. तेव्हापासून मी त्या शेडमध्ये शिरताना खाकरतो. स्वतःच्याच शेडमध्ये, भर दुपारी.

काल तपासनीस येऊन गेले. विमानाला उडू द्यायचं की नाही हे तेच ठरवतात. कमी बोलणारे, सगळ्याला बोट लावून पाहणारे. त्यांनी झाकण उघडलं, फडकं चिमटीत धरलं आणि हे कुणाचं म्हणून विचारलं. मी म्हटलं, भागीदाराचं. ते म्हणाले, "भागीदारांना सांगा, फडकं ठेवून वर जाता येत नाही. ही कमान काढा, नळी खालून न्या." मी मान डोलावली. मग हात पुसत त्यांनी विचारलं, "तेच ना, मघाशी मागच्या दाराशी बादली घेऊन उभे होते? उलटी टोपी घातलेले?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? शेडमध्ये टोपी उलटी घालायचे ते भाऊजीच. मागच्या दाराला आतून आपण पंखांची उरलेली लाकडं लावून ठेवली आहेत, ते वर्षभर उघडलेलं नाही.

मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण घरी येताना हसूही आलं. काय हा माणूस, ताई. कमान चुकली हे त्यांना कळलं आहे. पण चुकलो म्हणायचं नाही. त्यापेक्षा रोज भर उन्हात बादली वाहतील. असो. घरात तुझ्याहून मोठं कुणी उरलं नाही, तेव्हा सगळे नमस्कार तूच ठेवून घे.

तुझा,
धाकटा

ता. क. – पत्र गुडघ्यासाठी लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. त्यांच्या हातचं काही बदलू नकोस, असं ते गेले त्या दिवशी तू मला बजावलं होतंस. कमान कापल्याशिवाय मी वर जाऊ शकत नाही, आणि तुला तर मुळीच नेणार नाही. तेव्हा "काप" एवढं एका ओळीत कळव.

ता. क. – पाकीट बंद करण्याआधी आत्ता शेडवर जाऊन आलो. कमानीच्या दोन्ही बाजूंना, जिथे कापायला हवं नेमकं तिथे, निळ्या पेन्सिलीच्या तिरक्या खुणा आहेत. तशा तिरक्या खुणा कोण करायचं ते तू जाणतेस. म्हणजे त्यांची परवानगी आली. तुझी राहिली.

ता. क. – खरं सांगू? करवत हातात घेतली होती, पुन्हा ठेवून दिली. कमान कापली की फडक्याचं काम संपलं, आणि मग ते कशासाठी येतील? म्हणून आत्ता "काप" लिहू नकोस. आधी ये. एक दुपार त्या शेडमध्ये बस, मी स्टूल आणून ठेवतो आणि बाहेर थांबतो. चावी शोधत बसू नकोस. मागचं दार उघडं असेल.