चाळीची सभा बंद झाली

मास्तर,

आपल्या चाळीची सभा गेल्या रविवारी बंद झाली. तुम्ही सुरू केली होती, म्हणून तुम्हालाच सांगतोय. तुम्ही देवाघरी गेलात त्याला वर्षं झाली, तुम्हाला पाहिलेली माणसं आता चाळीत फारशी उरली नाहीत. जी आहेत त्यांत मी एक, कुर्ल्याच्या गिरणीतला, ज्याला तुम्ही मिशा फुटल्यावर अक्षरं शिकवलीत.

मला ती नळाची सभा आठवते. मी कोकणातून नुकताच घाटकोपरला आलोय. सकाळी पाणी आधी खालच्या मजल्याने भरायचं असं ठरतंय, आणि मी वरचा. मी कठड्यावर बसून ओरडतोय. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणता, "बसून ओरडू नकोस. उभा राहा आणि सांग." उभा राहिलो आणि काय बोललो देव जाणे. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, उत्तर दिलंत, आणि हात मोजण्याआधी विचारलंत, "तुझं समाधान झालं का?" मी नाही म्हटलं. लोक वैतागले, पण तुम्ही विषय पुढच्या महिन्यावर टाकलात. तोवर मला असं कोणी विचारलं नव्हतं, ना घरी, ना गिरणीत. पुढच्या सभेत मी हरलोच. पण दुसऱ्या दिवशी कळशी घेऊन खालच्यांच्या मागे उभा राहिलो तेव्हा मनात राग नव्हता.

आता मुंबई कोणाची, महाराष्ट्राची की गुजरातची, यावरून सगळीकडे पेटलंय, आपलं अंगण त्यातून कसं सुटेल? जिन्यातल्या दिव्याचा विषय निघाला तरी गाडी मुंबईवर येते, आणि तळमजल्यावरच्या गुजराती किराणावाल्या शेटजींना पोरं नाही नाही ते बोलतात. शेवटी त्या रविवारी दुसऱ्या मजल्यावरचा कारकून म्हणाला, "नुसती कटकट आहे यार. तीन माणसं नेमू, ती बघतील. सभाच नको." सगळ्यांचे हात वर. शेटजींचासुद्धा. मी उठलो. म्हटलं, भांडण आहे म्हणूनच तर सभा पाहिजे. कारकून हसला. "बाबा, निवडणुकीत मत दिलंत ना? बोलायला दिल्लीत माणसं बसवलीत ना? मग तुम्ही आता आराम करा." लोक हसले आणि उठले. माझं समाधान झालं का, ते कोणी विचारलं नाही.

जिन्यात मी शेटजींना गाठलं. "तुम्ही पण हात वर केलात?" ते हळू आवाजात म्हणाले, "काका, मी बोललो की पोरं ऐकवतात. गप्प बसलो तर निदान दुकानात तरी येतात. मला गप्प बसू द्या ना." तुम्ही असतात तर त्यांना काय सांगितलं असतंत? तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. एवढ्याशा चाळीला एकमेकांचं ऐकवत नाही, तर एवढ्या देशाचं कसं व्हायचं? पेटी येईल, आपण मत टाकू, घरी येऊन दार लावून घेऊ. पुढची पेटी येईपर्यंत कोणी कोणाशी बोलायचं?

हा कागद टपालात जाणार नाही, म्हणून एक खरं लिहितो. देशाची काळजी आहेच. पण बायको गेली, मुलगा बोरिवलीला राहायला गेला, आणि महिन्यातून तेवढी एकच सकाळ मी धुतलेला सदरा घालून चार माणसांत बसत होतो. सभा राहू द्या म्हणताना हे सांगायची मला लाज वाटली.