बुंदी आणि बाबांचा वॉकर

४ नोव्हें.
सासऱ्यांचं खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. पुढच्या आठवड्यात घरी. नितीन येताना भाड्याचा वॉकर घेऊन आला. दारात तो खडखडला मात्र, आमची कुत्री बुंदी पलंगाखाली. तिथेच मुतली. हात पुढे केला तर दात दाखवले. मला!
बिबवेवाडीच्या चौकातून उचलून आणली तेव्हा पाठीवर काठीचे वळ होते. अजून झाडूसुद्धा चालत नाही तिला.
नितीन : "बाबांना चावली तर?"

५ नोव्हें.
तिच्या डॉक्टरीणबाईंना फोन. "ओढून जवळ नेऊ नका, ओरडू नका. वॉकर दिसला की पनीर. लांबून. जवळ कधी यायचं ते ती ठरवेल."
वॉकर गॅलरीत, आम्ही दोघी स्वयंपाकघरात. पनीर हुंगलंही नाही.

७ नोव्हें.
खाल्लं! मान लांब, मागचे पाय पळायच्या तयारीत. पण खाल्लं.

९ नोव्हें.
नितीनचा धक्का लागून वॉकर आडवा. बुंदी संध्याकाळपर्यंत पलंगाखाली. सगळं पहिल्यापासून.
नितीन : "अगं, वेळ कुठाय आपल्याकडे? हडपसरला ताईकडे ठेवू."
ताईकडे अंगणात साखळीला बांधतील.

११ नोव्हें.
वॉकर घेऊन एक पाऊल टाकते, थांबते, पनीर तिच्या मागे फेकते. तिला लांब जायला मिळतं, मग आपणहून परत येते. आज शेपटी पोटाखालून बाहेर आली.

१३ नोव्हें.
बाबा आले. दारातच, "स्वागत समिती कुठाय?" समिती बेडरूममध्ये, दाराला लावलेल्या जाळीमागे.
"बाबा, तिच्याकडे बघू नका. नुसतं पनीर टाका."
"कुत्र्याला शिकवतेयस की मला?"
टाकलं पण. तुकडा जाळीच्या अलीकडेच पडला. बारीक गुरगुर. बाबा जागच्या जागी थिजले. मीही.

१४ नोव्हें.
ऑफिसला निघताना नितीन : "एकदा जरी अंगावर गेली तर ताईला फोन करतो."
दुपारी जाळी उघडली. बाबा खुर्चीत, बुंदी पट्ट्याला, माझ्याजवळ. बाबा टाकत होते, ती खात होती. पुढे, मागे, पुन्हा पुढे. तेवढ्यात बाबांना बाथरूमला जायचं झालं. वॉकरवर हात ठेवून थांबले. "उठू का गं?" मला नाही, तिला विचारलं.
उठले. खडखड. ती थरथरली, माझ्या पायांमागे आली. पळाली नाही, गुरगुरली नाही. बाबा बाथरूममध्ये शिरेपर्यंत एकटक बघत होती.
नितीन आला की विचारणार. काय सांगू? पट्टा अजून मनगटालाच गुंडाळलेला आहे.