स्थळ मागाहून कळवण्यात येईल

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (एरवी हे शब्द सवयीने लिहून मोकळा होतो. या वेळी खरोखरच जमिनीवर पालथा पडून लिहितो आहे असं समज. का ते पुढे येईलच.) तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचा गुडघा त्यांना जिना चढू देतो का? इकडे सगळे ठीक. ही बरी आहे, मुलं बरी आहेत, माझं वजन दोन किलोंनी उतरलं आहे, पण त्याचं श्रेय व्यायामाला देऊ नकोस. खरं तर फोनच करणार होतो. पण गेले सात महिने फोन केला की भाऊजी उचलतात आणि "ती बागेत आहे" असं सांगतात. सकाळी केला तरी बागेत, भर दुपारी केला तरी बागेत. गेल्या आठवड्यात तर कुकरच्या शिट्ट्यांमधून "सांगा, बागेत आहे म्हणून" हा तुझा आवाजसुद्धा मला स्वच्छ ऐकू आला. भाऊजी बिचारे खोटं बोलताना अडखळतात. या वयात त्यांना आणखी ताप नको, म्हणून पत्र लिहितो आहे.

आधीच सांगून ठेवतो, मला तुझ्याकडून काही नको आहे. हे पत्र निव्वळ ख्यालीखुशालीचं आहे. तू म्हणशील, सात महिन्यांनी याला ख्यालीखुशाली बरी सुचली. तर ताई, तू का बोलत नाहीस ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि गुन्हा कबूल करायचा तर तपशील द्यावा लागतो, म्हणून तुला माहीत असलेलंच पुन्हा लिहितो. आमच्या विद्यापीठाच्या कृषी विस्तार केंद्राचं जे मासिक पत्रक निघतं, त्यात 'परसातून' नावाचं सदर मी नऊ वर्षं लिहितो आहे. पद्धत अशी, की दर रविवारी तुला फोन करायचा, "मग, काय चाललंय बागेत?" असं प्रेमाने विचारायचं, तू काकडीच्या वेलापासून सुरुवात करून तासभर बोलायचीस, आणि मी इकडे भराभर उतरवून घ्यायचो. (मी मध्येच "जरा हळू सांग" म्हणायचो, तेव्हा तरी तुला शंका यायला हवी होती.) तेच पुढे "आमच्या निरीक्षणानुसार" असं लिहून, वर माझा फोटो लावून छापायचं. शेवटी तुझ्या शेजारणीनेच ते पत्रक तुझ्या हातात ठेवलं आणि या तज्ज्ञांकडून काहीतरी शिका, असा तुला सल्ला दिला. त्यात तुझंच वाक्य होतं: पाणी घालण्याआधी मातीत बोट खुपसावं, बोटाला माती चिकटली तर मुकाट घरात जाऊन चहा करावा. तू फोन केलास, "छान लिहितोस हं" एवढंच म्हणालीस आणि ठेवलास. त्यानंतर तू जी बागेत गेलीस ती अजून घरात आलेली नाहीस. आपले फोन बंद झाल्यापासून सदराचेही हाल आहेत. एका महिन्यात 'खुरप्याचे महत्त्व' लिहिलं, दुसऱ्यात 'खुरप्याची निगा', आणि तिसऱ्यात 'खुरपे हरवल्यास'. त्यानंतर जागा जाहिरातींना दिली.

बाकी ऑफिसात यथास्थित. 'कर्मचारी वृत्त' हे पानही मीच लिहितो, तेव्हा त्यातलं न छापलेलं तेवढं तुला कळवतो. आमचे कीडतज्ज्ञ तीन आठवडे रजेवर होते. त्यांच्या मुलीच्या डोक्यात उवा झाल्या, तिच्याकडून त्या घरभर पसरल्या, आणि शंभर किडींची नावं तोंडपाठ म्हणून दाखवणारा हा माणूस शेवटी सासूबाईंपुढे मान खाली घालून बसला. (पत्रकात आम्ही 'वैयक्तिक कारणास्तव' असं छापलं.) माती तपासणीच्या बाई, ज्यांना सगळे मातीबाई म्हणतात आणि त्यांनाही ते आवडतं, त्यांना बढती मिळाली, पण नवी खुर्ची अजून आली नाही म्हणून त्या जुन्याच खुर्चीवर नव्या हुद्द्याने बसतात. आणि मुख्य बातमी म्हणजे नव्या संचालक मॅडम रुजू झाल्या. मॅडम कामाला वाघ आहेत, बोलायला चांगल्या आहेत, फक्त त्यांना एक वाईट खोड आहे. त्या आमचं पत्रक वाचतात. आजवर ते फक्त प्रुफं तपासणारा वाचत असे, तोही निम्मंच. मॅडम पहिल्या पानापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत सगळं वाचतात, आणि माझी रड तिथूनच सुरू होते.

पत्रकाच्या शेवटच्या पानावर 'आगामी कार्यक्रम' असतात. महिन्याच्या चार शनिवारांचे चार चौकोन. पहिल्यात माती तपासणी शिबिर, दुसऱ्यात बीजप्रक्रिया, चौथ्यात मधमाशीपालन. तिसऱ्या शनिवारी काहीच नसतं. रिकामा चौकोन बरा दिसत नाही, म्हणून सहा वर्षांपूर्वी मी त्यात "परसबाग भेट व प्रात्यक्षिक. स्थळ मागाहून कळवण्यात येईल" असं टाकून दिलं. तेव्हापासून ते दर महिन्याला इमानेइतबारे छापून येतं. सहा वर्षांत कुणी स्थळ विचारलं नाही आणि मी कळवलं नाही; दोन्ही बाजूंनी उत्तम चाललं होतं. मॅडमनी ते वाचलं, त्यांना ते फार आवडलं, आणि त्यांनी त्याखाली 'नावनोंदणीसाठी संपर्क' म्हणून ऑफिसचा नंबर घालायला लावला. आठवड्याभरात चाळीस नावं आली. ताई, चाळीस! आमच्या बीजप्रक्रियेला गेल्या खेपेला अकरा जण होते, त्यातले सात आम्हीच. मॅडम यादी घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या आणि हसतमुखाने विचारू लागल्या, की मग स्थळ कुठलं ठरवलं आहे. (अशा वेळी सरळ खरं सांगून टाकायचं असतं, हे मला नेहमी दुसऱ्या दिवशी सुचतं.) मी म्हणालो, "माझ्याच घरी."

आता माझी बाग तू पाहिलेली नाहीस, कारण तू आलीस की मी तुला पुढच्या दाराने आत घेतो आणि पुढच्याच दाराने बाहेर सोडतो. घरामागे तीन वाफे आहेत. पहिल्यात टोमॅटो होते. त्यांची पानं आधी वळली, मग पिवळी पडली, मग मलाच बघवेना म्हणून मी ती झाडं उपटली. दुसऱ्यात मिरची आहे, ती दोन वर्षं वीतभरच आहे. तिसऱ्यात काय पेरलं होतं ते आता घरात कुणालाच आठवत नाही. करत होतो सगळं तू सांगायचीस तसंच. फक्त तू जे रोज थोडं थोडं करतेस ते मी सुटीच्या दिवशी एकदम उरकत होतो. मला वाटलं, मातीतच खोट असणार. म्हणून मागल्या वर्षी सासऱ्यांच्या नावाने माझी माती गुपचूप मातीबाईंकडे तपासायला दिली होती. अहवाल आला: माती उत्तम, सेंद्रिय कर्ब भरपूर, दोष अन्यत्र शोधावा. सासऱ्यांनी तो अहवाल, त्यांच्या नावाचा आहे म्हणून, फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावला आहे.

आमच्याकडे असा नियम आहे की कुठल्याही कार्यक्रमाआधी स्थळाची पूर्वपाहणी करायची. (हा नियम एका परिपत्रकात मीच घुसवला होता, दुसऱ्याची फजिती व्हावी म्हणून.) पाहणी बुधवारी ठरली. मंगळवारी मी रजा टाकली, रोपवाटिकेतून फळांनी लगडलेले टोमॅटो आणि लालबुंद मिरच्यांची झाडं आणली आणि कुंड्यांसकट वाफ्यांत पुरून टाकली. वर माती सारवली, पालापाचोळा पसरला, आणि खुरपं सहज विसरल्यासारखं एका बाजूला टाकून दिलं. ही खिडकीतून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "ताईंना कळलं तर काय म्हणतील?" मी म्हणालो, ताई बोलतेच कुठे, म्हणायचं तर लांबच राहिलं. म्हटलं खरं, पण त्यानंतर उरलेल्या कुंड्या पुरताना हात चालेनात.

बुधवारी मॅडम, मातीबाई आणि कीडतज्ज्ञ असे तिघे आले. मॅडमचा चेहरा खुलला. कीडतज्ज्ञ पानं उलटून उलटून बघत होते. एकही कीड नाही, असं म्हणताना ते जरा खट्टू झाले. मी तोंडाने सेंद्रिय पद्धत वगैरे सुरू केलं होतं, तेवढ्यात मातीबाईंनी वाफ्यातली चिमूटभर माती उचलून बोटांत चोळली आणि त्या म्हणाल्या, "ही माती मी कुठेतरी बघितलीय." बाईंनी पिशवीतून माती काढायचं गिरमिट काढलं, टोमॅटोच्या बुंध्याशी रोवलं आणि दाबलं. खाली टक्क असा आवाज झाला. जागा बदलून पुन्हा दाबलं, पुन्हा टक्क. मग त्या मिरचीकडे वळल्या. या वेळी गिरमिटाबरोबर प्लॅस्टिकच्या कुंडीचा काठ वर आला आणि त्याला लटकलेली रोपवाटिकेची चिठ्ठीही आली: शोभेची मिरची, खाण्यास अयोग्य. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. तिघंही ती चिठ्ठी अगदी गंभीरपणे वाचत उभे राहिले.

मग मी पालथ्या बादलीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. चौकोनाचं सांगितलं, सासऱ्यांच्या मातीचं सांगितलं, आणि शेवटी तुझं, नऊ वर्षांचं, सगळंच. ताई, सांगता सांगता मला पहिल्यांदा नीट कळलं की मी तुझं काय नेलं. इतके दिवस वाटत होतं, दोनचार युक्त्या नेल्या, घरच्या घरातच तर आहे. पण वेलीला पहिलं फूल आलं की ज्याला तू आधी सांगायचीस, ज्याच्याशी आठवड्यातून एकदा पोटभर बोलायचीस, तो भाऊच मी तुझ्याकडून काढून घेतला आणि त्या जागी एक कारकून बसवला. मला मनापासून लाज वाटली. मॅडमनी ती चिठ्ठी घडी करून माझ्या हातात ठेवली. मग म्हणाल्या, "मग त्यांनाच का नाही विचारत?" मी म्हटलं, ती माझ्याशी बोलत नाही. त्यावर मॅडम म्हणाल्या, "मीसुद्धा बोलले नसते." मातीबाईंनी आणि कीडतज्ज्ञांनी लगेच माना डोलावल्या. एखाद्या विषयावर आमच्या केंद्रात एकमत झाल्याचं माझ्या सगळ्या नोकरीत मी पहिल्यांदा पाहिलं.

तर असं एकंदर ठीक चाललं आहे. पाठीला शेक देत जा आणि पाण्याचे डबे एका हाताने उचलू नकोस. भाऊजींना नमस्कार सांग, आणि माझ्यामुळे त्यांना जे खोटं बोलावं लागतं त्याबद्दल माझ्या वतीने क्षमा माग. मला काही नको आहे, हे वर लिहिलंच आहे.

तुझा धाकटा भाऊ
(माजी तज्ज्ञ)

ता. क. सहज विचारतो, येत्या तिसऱ्या शनिवारी तू घरी आहेस का? सकाळी साडेदहाला एक बस येईल, तीत चाळीस माणसं असतील. ती तुझ्या वाफ्यांमधून फिरतील आणि तू मला रविवारी सांगायचीस तसंच त्यांना सांगायचंस, काकडीपासून सुरुवात करून. कुणी वाफ्यात पाय देणार नाही, काही तोडणार नाही, हे मी प्रत्येकाकडून लिहून घेतो. मार्गदर्शक म्हणून तुझं पूर्ण नाव असेल. माझ्याकडे फक्त माईक धरायचं काम, आणि त्यात तू म्हणशील तेव्हा मी गप्प बसेन.

ता. क. (दुसरं) पत्रक अजून छापायला दिलेलं नाही. छापखान्यातून रोज फोन येतो आणि ही त्यांना मी बागेत असल्याचं सांगते. तुला विचारल्याशिवाय आता तुझं एक अक्षरही मी छापणार नाही. 'कर्मचारी वृत्ता'त एक खुलासा तेवढा लिहून ठेवला आहे, तोही तू वाचून दे: "'परसातून' या सदरातील गेल्या नऊ वर्षांचा मजकूर लेखकाचा नसून त्याच्या थोरल्या बहिणीचा आहे. खुरप्यावरील तीन लेख मात्र लेखकाने स्वतंत्रपणे लिहिलेले आहेत."

ता. क. (तिसरं) तू नाही म्हणालीस तरी कार्यक्रम रद्द होणार नाही. मॅडमनी ठरवून टाकलं आहे की तसं झालं तर तो माझ्याच घरामागे होईल. विषय, 'परसबागेत काय करू नये: प्रत्यक्ष पाहणी'. मार्गदर्शक मातीबाई, नमुना मी. नोंदणी दुप्पट होईल असा कीडतज्ज्ञांचा अंदाज आहे. तेव्हा माझी कीव येऊन हो म्हणू नकोस. म्हणायचं असेल तरच म्हण.

ता. क. (चौथं) ताई, माझं चुकलं. या पत्राआधी चार कागद फाडले, त्या चारांवर एवढं एकच वाक्य होतं. नुसतं तेवढं पाठवायचा धीर होईना, म्हणून त्याच्यापुढे अख्खं ऑफिस उभं केलं.