माळशिरसच्या दारात बंद न झालेली गाडी

जुळे सोलापूर,
मंगळवार

आदरणीय दाजींस,

रावसाहेबाचा सप्रेम जय भीम. अक्काच्या गुडघ्याला आता उतार असेल अशी आशा करतो. आम्ही सगळे बरे आहोत (मी सोडून). फोनच केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून बोलता आणि आपलं खाजगी सगळ्या करकंबच्या बाजाराला ऐकू जातं. म्हणून हे पत्र. पाकीट नीट चिकटवलंय, ते अक्कासमोर फोडू नका.

दाजी, तुमच्या गाडीनं माझ्या पोराचं जुळत आलेलं लग्न मोडायला आणलंय! तुम्हाला मोतीबिंदू झाला म्हणून ती मला दिलीत, तेव्हा म्हणाला होतात, जुनं डिझेल इंजिन हाय, मरणार न्हाय. खरं निघालं. चावी फिरवा, चावी काढा, चावी खिशात घालून वर जाऊन जेवा, ती आपली खाली चालूच. आमचे मिस्त्री शिवयोगी (माणूस अक्कलकोटचा, निम्मं कानडीत समजावतो, निम्मं मराठीत, आणि मला दोन्ही निम्मी कळत नाहीत) म्हणतात, या गाडीत हवा ओढून घेणारा एक पंप आहे. त्या ओढीवरच इंजिन बंद होतं आणि त्याच ओढीवर चारी दारांची लॉकं चालतात. त्यासाठी गाडीभर बारीक नळ्या फिरवल्यात. त्यातली एक कुठंतरी फुटलीय, तिथून ओढ जाते, आणि इंजिनाला बंद व्हायचा निरोपच पोचत नाही. गाडी ऑटोमॅटिक, क्लचही नाही, की गिअर टाकून बंद पाडावी. बॉनेट उघडून आतला एक खटका दाबायचा, मगच ती गप्प होते. तेवढं करा, सोमवारी गाडी आणा आणि रविवारी कुठंही नेऊ नका, असं त्यांनी बजावलं.

रविवारी मी ती माळशिरसला नेली.

कुंडलिकरावांच्या बुद्धप्रियाला बघायला जायचं होतं. आपल्या धम्मदीपसाठी हे स्थळ तुम्हीच आणलेलं. दाजी, आमच्या घरातली ही पहिली चारचाकी. मी कुंडलिकरावांना फोनवर तीनदा सांगून ठेवलं होतं, की आम्ही आमच्या गाडीनं येतोय. मग एसटीतून कुठल्या तोंडानं उतरू? त्यांच्या दारात थांबून चावी काढली, इंजिन थडथडतंच आहे. बॉनेटकडं हात नेला, तर कुंडलिकराव, त्यांचे भाऊ, शेजारपाजार, सगळे पायरीवर उभे. आता पांढऱ्या सदऱ्यात, मुलीच्या दारात, बॉनेटमध्ये डोकं घालायचं? मी म्हणालो, राहू दे चालू, पाच मिनिटांचंच तर काम आहे.

हे वाक्य मी का बोललो, मला अजून कळत नाही.

त्या माणसांचे चेहरेच उतरले. पाहुण्यांनी गाडीसुद्धा बंद केली नाही, म्हणजे टेकायचं मन नाही, असाच अर्थ झाला की. पाणी, पोहे, चहा सगळं एकदम पुढ्यात आलं. मुलगी आली, बसते न बसते तोच तिला आत बोलावलं. आतून मटणाच्या रश्श्याचा वास येत होता (काय वास होता दाजी!), पण जेवायचं कुणी विचारलं नाही. चौदाव्या मिनिटाला आम्ही रस्त्यावर. वेळापूर आलं. मग धम्मदीप म्हणाला, "पप्पा, मला आवडली होती ती." बारा मुली बघितल्या, पोरगं पहिल्यांदा बोललं.

काल निरोप आलाय, की येत्या रविवारी त्यांच्याकडे दुसरे पाहुणे आहेत. तेव्हा शनिवारच्या आत तुम्ही माळशिरस गाठा. रावसाहेबाला मूळव्याध आहे, फार वेळ बसवत नाही, म्हणून घाई केली असं सांगा. लागलं तर ऑपरेशनची तारीखही सांगा. पण गाडी बिघडलीय हे तेवढं बोलू नका.

आपला,
रावसाहेब

ता. क. हे लिहून झाल्यावर आज शिवयोगींनी गाडी बघितली. दारांकडं जाणारी नळी काढून तिथं रबरी बूच मारलं, चावी फिरवली, इंजिन जागच्या जागी गप्प. म्हणजे गळती दारात. एकेक दार खोललं, तर मागच्या डाव्या दारात नळीतून स्क्रू आरपार गेलेला. पाण्याची बाटली ठेवायला दिवाळीत मी स्वतः तिथं स्टँड बसवला होता, त्याचा. तेव्हा वर तुमच्या गाडीबद्दल जे लिहिलंय ते वाचू नका.

दाजी, मी मुक्ता. पाकीट मी फोडलं. ह्यांना मूळव्याध बिळव्याध काय न्हाय, कुटं बोलू नका. धम्मदीप आज हापिसाला जातो म्हणून मोटारसायकल घेऊन माळशिरसला गेला आन् खरं काय ते सांगून आला. बुद्धप्रियाची आई लई हसली म्हणं. मग पोराला जेवू घालूनच सोडलं. दुसऱ्या पावण्यांना त्यांनी नगं म्हणून कळवलंय. रविवारी बुद्धप्रियाकडचीच मंडळी आमच्याकडं येत्यात, तुमी आन् अक्का बी या. ह्यांना यातलं कायच ठावं न्हाय. धड जेवत न्हाईत, पोराकडं बघत बी न्हाईत. तवा तुमी म्हणा, पत्र वाचून मीच गेलो, मूळव्याधीचं सांगितलं आन् जुळवून आलो. तेवढंच त्यांच्या जिवाला बरं वाटंल. आन् रविवारी पावण्यांम्होरं ते सारखी मांडी बदलत बसतील, दर पाच मिनिटाला उठून उभं राहतील, तवा तुमी हसायचं न्हाय.