अंगणातले कोरडे बोअर

बाबा, अंगणातील तुमच्या सर्वांत खोल कर्तृत्वावर आज लोखंडी झाकण बसवले. तुमची पणती रांगू लागली आहे आणि तिची गती पाहता, भूगर्भसंशोधनाचा वारसा तिच्यात उतरला असावा अशी सार्थ भीती घरात पसरली होती. "त्या भोकाचं काय करायचं थे आजच करा," असे फर्मान तुमच्या सुनेने काढले. तिच्यापुढे अपील चालत नाही, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

भुसाराचे चालते दुकान सोडून तुम्ही बोअरची गाडी घेतलीत, तेव्हा समस्त बाजारपेठेने तुम्हांला वेड्यात काढले. तुम्ही मात्र सहकुटुंब दिग्विजयाला निघालात. इतरांचे वडील मुलांना जत्रेला नेत. तुम्ही आम्हांला उंद्रीला, कधी थेट जळगाव जामोदपर्यंत, परक्यांच्या शेतात नेत असा. आई मांडीवर भाकरींचा डबा घेऊन केबिनमध्ये बसे, मुद्रा साक्षात वैराग्याची. पाणी लागते, राखाडी चिखलाचा फवारा आकाशात चढतो, आणि तुम्ही आम्हां सर्वांना, आईसकट, त्याखाली उभे करता. मालक पेढे वाटतो आहे आणि चिखलाने माखलेली आई हसते आहे. घरात ती तशी कधी हसल्याचे मला स्मरत नाही.

मग तुम्ही स्वतःच्या अंगणात बोअर घेतलेत. दिवसभर घर हादरले, मांडणीवरची भांडी नाचली, आणि निष्पत्ती म्हणून निव्वळ धूळ निघाली. अर्ध्या तालुक्याला पाणी दाखविणाऱ्या महापुरुषाच्या घरी ठणठणाट! गल्लीची उत्तम करमणूक झाली.

"पाणी हाय. थे लाजून राह्यलं," तुम्ही आईला सांगितले.

"लाजू द्या त्याले. मी चालली नळावर," म्हणत तिने हंडा उचलला.

तुम्ही ते बुजवू दिले नाहीत. रोज सकाळी फरशी सरकवून, पाइपाशी वाकून तुमची हाक: "आलं काय रे?" खालून तुमचाच प्रश्न परत येई. "पाह्य, खालचाही थेच इचारून राह्यला," तुम्ही समाधानाने मला म्हणत असा.

तुम्ही गेल्यावर तो नित्यविधी मी चालविला. घरच्यांना 'पातळी तपासतो' असे शास्त्रीय कारण दिले. खालून माझाच आवाज येई. गेल्या काही वर्षांपासून मात्र तो तुमचा येतो. तीच खरखर, 'रे'वर तोच हेल. वयोमानाने घसा बापावर जातो, असे कोणी सुज्ञ सांगेल. मान्य. पण मग अंगणात इतरत्र ओरडलो, तर तुम्ही का येत नाही?

आज वेल्डर म्हणाला, "काका, पक्कं मारून देतो. पुन्हा कटकटच नाही." तुमच्या सूनबाईंनी मान डोलावली. नातीला कडेवर घट्ट धरून मी यथाविधी अखेरची हाक मारली. तुम्ही खालून विचारलेत. पोरीने माझ्याकडे पाहिले नाही. ती पाइपाकडे पाहून हसली, आणि बराच वेळ, कोणी बोलत असताना ऐकावे तशी, स्तब्ध राहिली.

झाकण पक्के आहे. पोरीला धोका नाही. पण वेल्डिंग करू दिले नाही, नट-बोल्ट लावून घेतले. पाना कुठे गेला, असे घरात सगळे विचारत आहेत. तो देवघरात, तुमच्या तसबिरीमागे आहे.