पाठमोरी

ता. ४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे गुडघे कसे आहेत? माझी कंबर त्यांना लवकरच मागे टाकणार. दिवसभर बांबूच्या परांचीवर उभं राहून भिंत रंगवायची म्हणजे शिक्षा आहे नुसती.

भिंत कुठली आणि चित्र कुणाचं, ते ऐकून खाली बस. गावाच्या पहिल्या नगरसेविकेची, म्हणजे तुझ्या आईची, माझ्या आजीची, नगरपालिकेला इतक्या वर्षांनी आठवण झाली आहे. बाजारातल्या बायकांच्या स्वच्छतागृहाच्या भिंतीवर तिचं मोठं चित्र होणार आहे. त्यासाठी नेमलेल्या समितीच्या कार्यवाहांनी मला काम दिलं तेव्हा त्यांना नातं माहीत नव्हतं. सांगितल्यावर म्हणाले, मग तर घरचंच काम! तेव्हापासून घरच्यासारखंच राबवून घेतायत.

पालिकेच्या कपाटातून त्यांनी आजीचा फोटो काढून दिला. त्यावरून चेहरा पूर्ण केला आहे. आपल्याकडे तिचा एकही फोटो नाही, त्यामुळे मीही तिला पहिल्यांदाच पाहिलं. भिंतीचा फोटो सोबत आहे. अनावरणाला तू यायलाच हवंस.

तुझ्या मायेवरच ही कंबर उभी आहे.

तुझी
खारुताई

---

ता. ९ फेब्रुवारी

चि. खारुताईस,
अनेक आशीर्वाद.

फोटो पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. चित्र झकास आहे, पण ही तुझी आजी नव्हे. ही तेव्हाच्या नगराध्यक्षांची बायको. समारंभात पुढच्या रांगेत बसायची, म्हणून फोटोत आली. तुझी आजी कडेला, अर्धी कापलेली असायची. तुझा काय दोष? आजी गेली तेव्हा तुझी आई रांगत होती. आज ती असती तरी तिनेही ओळखलं नसतं.

आणि जागा काय शोधली लोकांनी! बाजारात माल विकायला बसणाऱ्या बायका तेव्हा दिवसभर पाण्याचा घोट घेत नसत, कारण जायला आडोसाच नव्हता. तुझी आजी प्रत्येक सभेत तोच विषय काढायची आणि सभेत हशा पिकायचा. गावाने तिचं नाव ठेवलं संडासबाई. मी संडासबाईची पोर. ते ऐकू येऊ नये म्हणून मी लांबच्या रस्त्याने शाळेत जायची. मला तिचा फार राग यायचा. खरं सांगू, अजून पुरता गेलेला नाही.

आता त्याच भिंतीवर तिला चिकटवा. भांडायचं त्राण नाही माझ्यात. मला मात्र बोलावू नका.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी
मावशी

---

ता. १५ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

कार्यवाहांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले की आता ओळखणारं उरलंय कोण? चेहरा प्रसन्न आहे, निमंत्रणं छापून झालीत. मी म्हटलं, माझी मावशी उरली आहे. त्यावर म्हणाले, मग मावशींची समजूत घाला. वाद घालायला माझ्यातही जोर नव्हता. घरी आले, झोपले. सकाळी जाऊन त्या चेहऱ्यावर पांढरा रंग फासला.

आता आजी बिनचेहऱ्याची उभी आहे. बाजारातल्या बायका येताजाता विचारतात, ही कोण? सांगितलं तर एक भाजीवाली म्हणाली, चित्र सावकाश काढा, आधी हे कुलूप काढायला सांगा. समारंभापर्यंत जागा स्वच्छ राहावी म्हणून स्वच्छतागृहाला कुलूप घातलं आहे! रागवायचाही कंटाळा आलाय मला.

मावशी, तू सांगशील तसं काढते. नाक कसं होतं? हनुवटी? काहीही आठवेल ते लिही. नाहीतर ती दुसरी बाई परत भिंतीवर येईल.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी
खारुताई

---

ता. २१ फेब्रुवारी

चि. खारुताईस,
अनेक आशीर्वाद.

चार दिवस डोळे मिटून बसते आहे. चेहरा आठवत नाही. आईचा चेहरा आठवू नये, यासारखं वाईट काही नाही.

पाठ आठवते. ती सभेला निघायची आणि मी दारात उभी असायची. सुटत आलेला अंबाडा, उजव्या खांद्यावर कागदांची पिशवी, चपलेच्या तुटक्या अंगठ्याला लावलेली पिन. वळून कधी बघायची नाही. वळले तर पोर रडेल आणि माझा पाय निघणार नाही, असं ती शेजारणीला म्हणाल्याचं पुढे कळलं. मला वाटायचं, तिला घराचा कंटाळा आहे.

पाठ काढ. समितीला काय वाटायचं ते वाटू दे. मी येणार नाही, गुडघे मोडलेत.

उन्हात डोकं झाकत जा.

तुझी
मावशी

---

ता. १० मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

येणार नाही म्हणालीस आणि गुपचूप येऊन मागच्या खुर्चीवर बसलीस. जाताना म्हणालीस की चारचौघांत शोभा करून घेतली. मला बोलूही दिलं नाहीस, म्हणून लिहिते.

कार्यवाहांना मी शेवटपर्यंत भिंतीजवळ फिरकू दिलं नव्हतं. पडदा सरकला, पाठमोरी बाई दिसली आणि ते घाम पुसायला लागले. नगराध्यक्षांनी मात्र चित्राकडे न बघताच भाषण सुरू केलं. स्त्रियांच्या सन्मानावर ते रंगात आले, तेव्हा तू उठून स्वच्छतागृहाच्या दाराशी गेलीस. एवढ्या प्रवासानंतर तुला जायचं होतं आणि दाराला कुलूप. मग खुर्च्यांमधून वाट काढत थेट व्यासपीठासमोर गेलीस आणि किल्ली मागितलीस. ते म्हणाले, कार्यक्रमानंतर. तू म्हणालीस, आत्ता. लोक हसले. तू हलली नाहीस. तेवढ्यात ती भाजीवाली उठून तुझ्यामागे उभी राहिली, मग तिच्यामागे आणखी बायका. मुकादम किल्ली आणायला धावला. दार उघडलं, रांग लागली, आणि भाषण राहिलं ते राहिलंच.

मी मागून बघत होते. तुझा उजवा खांदा खाली उतरलेला, मान किंचित पुढे. भिंतीवर मी दोन्ही खांदे सारखे काढले होते, पुतळ्यासारखे. आज पुन्हा परांची बांधून तो उजवा खांदा खाली आणला. कार्यवाहांनी विचारलं, कुणाच्या परवानगीने? म्हटलं, मावशीच्या.

मला तुझा इतका अभिमान वाटला की रडू आलं. तू याला शोभा म्हण नाहीतर काहीही म्हण.

पुढच्या वेळी जेवल्याशिवाय गेलीस तर बोलणार नाही.

तुझी
खारुताई

---

ता. १६ मार्च

चि. खारुताईस,
अनेक आशीर्वाद.

खांदा उतरवलास ते बरं केलंस. पिशवी जड असायची तिची.

गर्दीत मला चित्र धड दिसलं नव्हतं. रांगेत माझा पहिला नंबर होता, पण मी बाकीच्यांना पुढे जाऊ दिलं आणि भिंतीपाशी थांबले. चपलेची पिनसुद्धा काढलीस तू. लहानपणी दारातून बघायची तशीच बघत राहिले. या वेळी ती निघून गेली नाही.

गुडघे ठणकतायत. कंबरेला शेक घे.

तुझी
मावशी

ता. क. कुलूप पुन्हा लागलं तर लगेच कळव. मी येते.