जावा उतरेपर्यंत

११ जानेवारी १९९९, सोमवार
भाजीबाजारात शैला भेटली. ट्रंक एक्सचेंजला माझ्या हाताखाली ऑपरेटर होती, आता तक्रारींचं टेबल बघते. म्हणाली, "मॅडम, तुम्हाला दुपारी फोन लावावा तर सारखा एंगेज." मी म्हटलं, रिसीव्हर नीट बसला नसेल. घरी येऊन पाहिलं. नीट बसलेला होता.
म्हणजे माझा डोळा लागला की वर वृंदा बोलत बसते. संजयने वरच्या खोलीत कॉम्प्युटर आणला तेव्हाच फोनची वायर वर नेऊन तिथे दुसरा फोन बसवला होता. तेव्हा वाटलं, बायकोची सोय करतोय. आमच्या वेळी तीन मिनिटं झाली की ऑपरेटर टोकायची. मी कलेक्टरांनासुद्धा टोकलं आहे. घरात सुनेला टोकायची सोय नाही.
भरिताची वांगी आणली. बामणोदची म्हणून दिली, निघाली बियांची.

१२ जाने.
आज झोपलेच नाही. जिन्यात उभी राहिले. उभी राहिले हे लिहायला लाज वाटते, पण राहिले.
वृं. फोनवर कुणाला तरी सांगत होती, "नाही ना मॅडम, जावा अजून उतरलेली नाही. मधेच तुटतं. एकदा ती घरात नीट बसली ना, की मी बाहेर पडायला मोकळी. नाही, आईंना इतक्यात नाही सांगणार."
एकवचन जाऊ, अनेकवचन जावा. 'जावा उतरली' म्हणते. बी.एस्सी. झालेल्या मुलीचं हे मराठी.
पण अर्थ कळला. धुळ्याच्या इंदूवहिनींच्या दोन्ही सुना हिच्या चुलत जावा. त्यांतली एक इथे आणून बसवायची माझ्या सोबतीला, आणि ही दोघं दीपनगरला. संजय तिथल्या पॉवर स्टेशनात लागला तेव्हापासून कॉलनीतल्या क्वार्टरचं अधूनमधून निघतंच. रोज बसने जाऊन येऊन दमतो म्हणतो. दमत असेल. पण मला तोंडावर सांगायचं की नाही?
जेवताना विचारलं, धुळ्याहून कुणी येणार आहे का. वृं. म्हणाली, "नाही आई. का?" किती सरळ चेहरा.

१३ जाने.
दुपारी खालचा रिसीव्हर उचलला.
माउथपीसवर तळहात दाबून, श्वास अडवून. अगदी सराईतासारखा. याच गोष्टीसाठी एका मुलीला मेमो दिला होता मी. गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकायचं नाही, लाईन जोडली की कानावरून हेडफोन उतरवायचा, हे सगळ्यांना शिकवणारी मी.
बोलणं नव्हतंच. नुसती खरखर, कढईत पाणी पडल्यासारखी. इतक्या वर्षांत असला आवाज ऐकला नाही. थोडा वेळ ऐकून ठेवून दिला. वर खुर्ची सरकली. वृं. "अरे देवा" म्हणाली एवढं ऐकू आलं.

१४ जाने. संक्रांत
गल्लीत तीळगूळ वाटून आले, सगळ्यांना गोड बोलायला सांगितलं आणि संध्याकाळी इंदूवहिनींना फोन करून ओकले. म्हटलं, तुमच्या सुनेला इथे आणायचं घाटतंय, ही दोघं वेगळी राहणार. वहिनी म्हणाल्या, "आमनी सुनले? आम्हाले कोनी इचारं नही." आणि मग फार हळहळल्या. त्यांची हळहळ सगळ्या धुळ्याला पुरते. फोन ठेवल्यावर वाटलं, बोलायला नको होतं. जोडलेली लाईन तोडता येते. बोललेलं...

१५ जाने.
पुन्हा उचलला. पुन्हा तीच खरखर. वृं. चारला चहा घेऊन आली. डोळे लाल. "लाईन फार तुटते हो, आई. तुम्ही एक्सचेंजला होतात. असं का होत असेल?"
मी म्हटलं, हल्ली तिथे काम करतंय कोण.

१७ जाने. रविवार
धुळे. इंदूवहिनींच्या नातवाचं बोरन्हाण. हलव्याच्या दागिन्यांत पोर छान दिसत होतं. बोरं, चुरमुरे डोक्यावरून पडले, मुलं वेचत होती. मग बायका बसल्या आणि वहिनींनी सगळ्यांसमोर, हसत हसत, "काय वं वृंदा, दीपनगरले क्वाटर भेटनं का? सासूले एकलीच ठेवी दिशी?"
वृं.च्या हातात चुरमुऱ्यांचं ताट होतं. "कोण म्हणालं, काकू?"
वहिनी माझ्याकडे बघून हसल्या. मी पोराच्या गळ्यातला हलव्याचा हार सरळ करत बसले. सरळच होता.
मग त्यांची धाकटी सून वृंदाला म्हणाली, "आणि माझी बदली तुमच्या घरी, असं ऐकलं. मला पगार काय द्याल, वहिनी?" सगळ्या हसल्या. वृंदाही हसली, सगळ्यांच्या नंतर.
परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. पारोळ्याला तिने शेंगा घेतल्या. पुडी आधी माझ्यापुढे धरली.

१८ जाने.
संजयला डबा देताना विचारलं, जावा कोण. तो आधी बघत राहिला, मग भिंतीला टेकून हसला. जावा ही कॉम्प्युटरची भाषा आहे. त्यात प्रोग्राम लिहायचे तर आधी एक संच इंटरनेटवरून, म्हणजे फोनच्या तारेतून, घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावा लागतो. मग तो बसवावा लागतो. गावातल्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायची जागा आहे. तिथल्या मॅडमनी वृं.ला सांगितलं आहे, २९ तारखेला स्वतः केलेला प्रोग्राम चालवून दाखव. मुलाखत तीच. संच उतरायला कितीतरी तास फोन अडकतो. मधे लाईन तुटली की उतरलेलं सगळं फुकट, पुन्हा पहिल्यापासून.
"मधे कुणी खालचा फोन उचलला तरी तुटतं," तो म्हणाला. सहज म्हणाला, बूट घालताना.
मी विचारलं, मग मला का सांगितलं नाही?
"तू हसतेस गं आई. तिने टायपिंगचा क्लास लावला तेव्हा काय म्हणालीस, आठवतं?"
आठवतं. पाहुण्यांसमोर म्हणाले होते, पोळ्या गोल येईनात म्हणून आता अक्षरं गोल काढणार. सगळे हसले होते. मला बरं वाटलं होतं.

२० जाने.
आज जे केलं त्याला नाव नाही.
सगळं माहीत असून उचलला. का? खात्री करायला. आवाज खरंच मशीनचाच का, की त्याच्याआड कुणी बोलतंय. संजय मला समजावून गेला, मी मान हलवली, आणि दुपारी एकटी असताना हात गेला. खरखर. तीच. मधेच थांबली.
वृं. खाली आली. मला कळलंय हे संजयने तिला सांगितलंच होतं. माठातलं पाणी प्यायली, उभ्यानेच. म्हणाली, "थोडंच राहिलं होतं आज." मी मेथी निवडत होते. म्हटलं, "आता मीच बोलते एक्सचेंजच्या लोकांशी."
भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये शनिवारी ख्रिस्ती मुली रांगेने फादरना आपली पापं सांगायला, कन्फेशनला, जायच्या आणि हलक्या होऊन, उड्या मारत बाहेर यायच्या. आम्हा हिंदू मुलींना ती सोय नव्हती. सिस्टर म्हणायच्या, तुम्ही घरी जाऊन आईला सांगा. आता या वयात कुणाला सांगू? सुनेला?

२१ जाने.
बोलले. शैलाला फोन लावून, वृं. शेजारी उभी असताना, चांगली झाडली. आमच्या वेळी असं होतं का, लाईन तपासता की झोपा काढता वगैरे. शैला एक शब्द उलट बोलली नाही. "सॉरी मॅडम, मी स्वतः बघते." मी शिकवलेली आहे, उलट बोलणार कशी.
वृं. म्हणाली, "कशाला एवढं बोललात, आई? त्यांची चूक नसेलही."
दुपारी शैलाने उलट फोन करून सांगितलं, लाईन आमच्या टोकाला ठीक दाखवतेय, तरी तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल पुन्हा सॉरी. भाकरी तशीच झाकून ठेवली.

२३ जाने. शनिवार
जेवणं झाल्यावर वृं. म्हणाली, "आई, आज तुम्ही फोनपाशी बसाल? कुणी उचलायला नको. शेजारचे येतात कधी कधी फोन करायला."
शेजारचे.
बसले. दुपारभर त्या काळ्या डबड्यासमोर, राखण करत. शेजारच्या नलूताई आल्याच, जावयाला फोन करायचा होता. मी म्हटलं, बंद आहे. "बंद कसा? कालच तर..." मी म्हटलं, बंद आहे म्हणून सांगितलं ना. रागावून गेल्या. जाऊ दे.
मला नुसतं बसून कळलं, हात किती वळवळतात. मांडीखाली घेऊन बसले शेवटी, पहिलीतल्या मुलीसारखी.
ऊन भिंतीवरून खाली आलं तेव्हा वृं. धावत जिना उतरली. "उतरली, आई. अख्खी उतरली." माझे दोन्ही हात धरले. मी म्हटलं, हो हो, चहा टाक. दुसरं काही सुचलं नाही.

२५ जाने.
वाटलं, उतरली म्हणजे झालं. छे. आता बसवायची. आणि बसवण्याआधी काय काय हवं त्याचे कागद. इन्स्टिट्यूटमधून छापून आणलेत, इंग्रजीत. वृं. म्हणाली, "तुम्ही वाचा ना, आई. तुमचं इंग्रजी चांगलं आहे." तिच्या खोलीत, तिच्या खुर्चीशेजारी पहिल्यांदा बसले.
आधी करारनामा. पडद्यावर लांबच लांब. वृं. सरळ 'मान्य' दाबायला निघाली. मी हात धरला, न वाचता सही करतेस? पूर्ण वाचला. वाईट इंग्रजी, वकिली. सार एवढंच की काही बिघडलं तर ते जबाबदार नाहीत. असं लिहून घ्यायची सोय सगळ्यांना असती तर.
मग पूर्वतयारी. विंडोज अमुक असावी. मेमरी अमुक. डिस्कवर एवढी जागा मोकळी असावी. जागा नव्हती. संजयचे गेम उडवले, त्याला न विचारता, दोघींनी. हसलो. पुढची ओळ मी त्याच सुरात मोठ्याने वाचली: जुनं काही आधीपासून बसवलेलं असेल तर प्रथम ते काढून टाकावे.
वाचून झाल्यावर माझं बोट त्याच ओळीवर राहिलं.
मग वृं. म्हणाली, "जुनं काही काढायचं नाहीये, आई. पुढचं वाचा."
पुढचं वाचलं. चष्मा पुसावा लागला.

२६ जाने.
झेंडावंदनाची गाणी लांबून. बसली, पण चालेना. हाक मारली की मशीन म्हणतं, वाईट हुकूम किंवा वाईट नाव. वृं. पुन्हा पुन्हा तेच टाइप करते, ते पुन्हा तेच सुनावतं. ती रडकुंडीला आली. "आहे हो घरातच. फक्त मशीनला सापडत नाहीये. पाथ सांगावा लागतो, कुठे आहे त्याचा रस्ता."
मी कागद आणि पडदा ताडून बघत बसले. सिस्टरांनी विरामचिन्हांसाठी हातावर पट्टी मारलेली बाई मी. कागदावर दोन रस्त्यांच्या मधे सेमीकोलन आहे, हिने कोलन दिला होता. दाखवलं. बदललं, मशीन बंद करून चालू केलं.
चाललं. काळ्या पडद्यावर 'नमस्कार आई' उमटलं, इंग्रजी अक्षरांत. तिचा पहिला प्रोग्राम. दुसरं काहीही लिहू शकली असती.
संजय आल्यावर त्याला कौतुकाने सांगत होती, "आईंच्यामुळे झालं." तीनदा सांगितलं. प्रत्येक वेळी मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिथे काही काम नव्हतं.
रात्रीच्या जेवणाआधी ठरवलं होतं सांगायचं. पोळी वाढताना तोंड उघडलं आणि म्हटलं, तूप घे.

२७ जाने.
इंदूवहिनींना फोन केला. म्हटलं, माझी चूक झाली, तसं काही नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "आते काय उपेग? बठ्ठा गावले माहीत व्हई गयं." खरं आहे, सगळ्या गावाला कळून झालं. शैलाला करायला रिसीव्हर उचलला, दोन आकडे फिरवले, ठेवला.

२९ जाने. शुक्रवार
वृं. सकाळी लवकर तयार. निळी साडी. प्रोग्राम फ्लॉपीवर घेतला, फ्लॉपी पर्समध्ये, वर रुमाल. दही ठेवलं हातावर. नमस्काराला वाकली तेव्हा ठरवलं, आता सांगते, निदान खोटं मनात ठेवून आशीर्वाद द्यायला नको. पण मुलाखतीच्या तोंडावर कशाला, असं वाटलं. कारण चांगलं होतं. मला कारणं चांगली सुचतात.
दारात चपला घालताना म्हणाली, "निकाल फोनवर कळवतो म्हणालेत, चारनंतर. मी पोचले नसले तर तुम्हीच उचला, आई. तुम्हाला पटकन उचलायची सवय आहे."
आणि गेली. कोपऱ्यावर वळताना हात केला.
चेहरा आठवून बघते आहे. हसत होती. पण ती नेहमीच हसते. पहिल्या घंटेला उचलायचं, गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचं नाही, हे मीच मुलींना शिकवायचे, ते तिला ठाऊक आहे. मीच शंभरदा सांगितलं असेल. तेच म्हणाली असेल.
की १३ तारखेपासून माहीत होतं? वरून खालच्या रिसीव्हरचा खट् ऐकू येतो का? ती गेल्यावर वर जाऊन बसले, पण खाली उचलणार कोण. एकट्या माणसाला तपासता येत नाही.
चार वाजून गेले. फोनपाशी बसून लिहिते आहे. हात पदराला पुसले. अजून वाजलेला नाही.